समजावून सांगण्यात आले आहे

सिस्टरने आईचा डावा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. मग दुसऱ्या कागदावर. मग तिसऱ्या. आई म्हणत होती, "मला सही येती."

"असू दे. वेळ नाही."

"येती मला. पेन द्या."

सिस्टरने वर पाहिलंच नाही. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. बारावी सायन्सला होते तेव्हा. दोन वेण्या, खांद्याला पिशवी, पिशवीत बायोलॉजीचं जर्नल. सिस्टरने माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "तुमच्यात शिकलेलं कोणी आलं नाही का बरोबर?"

तुमच्यात. केसपेपरवरचं आमचं आडनाव तिने वाचलं होतं. शेजारच्या कॉटवरच्या जोशीबाईंना ती "आपण जरा कुशीवर होता का" म्हणत होती. आईला म्हणाली होती, "ए, सरक."

मग तिने खिशातून पेन काढलं. म्हणजे पेन होतं. ते तिने माझ्या हातात दिलं. "इथे सही कर. नातेवाईक म्हणून."

मी केली. इंग्रजीत, वळणदार. कागदावर काय आहे ते वाचलं नाही. कागद इंग्रजीत होता, पण मला इंग्रजी वाचता येत होतं. थांबून वाचायची हिंमत नव्हती, एवढंच. आई साडीला अंगठा पुसत होती. तिचा चेहरा मी बघितला आणि लगेच खिडकीकडे बघितलं.

आईला सही येत होती. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या खोलीत संध्याकाळी बायकांचा वर्ग चालायचा. तिथे ती चाळिशीला आल्यावर शिकली. सगळ्यात आधी स्वतःचं नाव. शेवंता. त्यातल्या 'व'चं पोट तिला जमायचं नाही. ती दुधाच्या पिशवीच्या पाठीवर, कॅलेंडरच्या मागे, जागा मिळेल तिथे लिहून बघायची. रेशनच्या दुकानात पहिल्यांदा सही केली त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "त्यानं पॅड पुढं केलं, मी मागं सारलं." एवढंच. पण ते तिने मला तीन वेळा सांगितलं.

आम्ही दोघीच. वडील मी पाचवीत असताना गेले. आम्ही कात्रजला टेकडीच्या उताराला राहायचो. आई सकाळी सहाची बस पकडून नारायण पेठेत जायची. तिथे एका बाईंकडे धुणीभांडी, केरफरशी. बाई एकट्या राहायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका. वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. दिवाळीला साडी द्यायच्या. मला जुनी पुस्तकं द्यायच्या, शब्दकोश दिला. माझं इंग्रजी सुधारलं ते त्यांच्यामुळे, हे मी लपवत नाही.

आईची पाळी थांबेना तेव्हा बाईंनीच चिठ्ठी दिली. त्यांचा भाचा डॉक्टर होता, पेठेतल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करायचा. भाच्याने आईला तपासलं आणि म्हणाला, "गाठ आहे. काढावी लागेल." मी तिथेच होते. तो आईला बोलला ते एवढंच. त्याआधी काही नाही, त्यानंतर काही नाही. आई "बरं साहेब" म्हणाली.

ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी टाके काढले. हातात एक कार्ड दिलं. महिन्याभराने आई परत कामावर गेली.

मग तिला वाफा यायला लागल्या. पोटातून उठायच्या आणि डोक्यापर्यंत जायच्या. डिसेंबरात ती उंबऱ्यावर बसून पदराने वारा घ्यायची. मध्येच रडायची, कशासाठी ते तिलाच कळायचं नाही. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, शेवंताने मनाला लावून घेतलंय. कुणी म्हणालं, उष्णता आहे, चहा बंद कर. तिने चहा सोडला. तिखट सोडलं. पुढे गुडघे गेले. एके दिवशी बाईंच्या मोरीत पाय घसरला, साधंच पडणं, आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरने फोटो बघून विचारलं, "पाळी कधी गेली?"

"गाठ काढली तवापासून आली न्हाई."

त्याने गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आईची समजूत होती की गाठ गेली म्हणून आजार गेला, म्हणून पाळी थांबली. मीही तेच धरून चालले होते. बायोलॉजीत मला चांगले मार्क होते. पण आईच्या कार्डावर नुसती इंग्रजी अक्षरं होती. टीएएच. पुढे अधिकचं चिन्ह. बीएसओ. सहा अक्षरं. मला वाटलं औषधाचं नाव असेल.

पाच वर्षं गेली. मी बीएस्सी झाले. ते दिवस असे होते की हिंजवडीला शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि ज्याला थोडंफार इंग्रजी येत होतं त्याला वाटत होतं आपलंही काहीतरी होईल. मी एक कोर्स केला आणि मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या कंपनीत लागले. काम असं, की अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की सगळं बोलून ठेवायचे. तो आवाज आमच्या हेडफोनवर यायचा. आम्ही तो टाईप करायचा. चौथ्या मजल्यावर एसी हॉल, साठ मुली, साठ कीबोर्ड. सकाळची पाळी. माझ्या उजवीकडे कोथरूडची मुलगी, डावीकडे नागपूरची. आडनाव विचारायला तिथे कुणाला फुरसत नव्हती. मला ती जागा आवडायची.

ते डॉक्टर जवळजवळ प्रत्येक ऑपरेशनच्या आधी एक वाक्य बोलायचे. पेशंटला धोके, फायदे आणि दुसरे उपाय समजावून सांगितले. तिने प्रश्न विचारले. तिच्या प्रश्नांची उत्तरं दिली. तिला समजल्याचं तिने सांगितलं. हे वाक्य मी रोज वीस वेळा टाईप करायचे. इतकं नेहमीचं की त्याला आम्ही एक शॉर्टकट केला होता. दोन अक्षरं दाबली की सगळं वाक्य आपोआप पडायचं. अर्थाकडे माझं लक्षच नव्हतं. ते डॉक्टर खरंच तेवढं सांगत होते की त्यांनीही शॉर्टकट केला होता, मला माहीत नाही. पण निदान बोलायला लागतंय एवढं तरी त्यांना ठाऊक होतं.

एका सकाळी एक फाईल आली. बाई बेचाळीस वर्षांची. गर्भाशयात गाठी. डॉक्टर सावकाश बोलत होता. तिला सांगितलं की फक्त गाठी काढता येतील. गर्भाशय काढलं तरी बीजकोश ठेवता येतील. बीजकोश काढले तर लगेच पाळी जाईल, अंगात वाफा येतील, हाडं ठिसूळ होतील. पेशंटने विचार करायला एक आठवडा मागितला. पेशंटची इच्छा बीजकोश ठेवण्याची आहे.

मी टाईप करत होते. मग त्याने सांगितलं की या पेशंटच्या बहिणीचं आधी ऑपरेशन झालेलं आहे, आणि त्याचं नाव घेतलं. नुसती अक्षरं म्हणाला. टीएएच, बीएसओ.

माझे हात थांबले.

आमच्या कंपनीचा नियम होता, अक्षरं सुटी लिहायची नाहीत, पूर्ण शब्द लिहायचा. मी लघुरूपांची यादी काढली. पोटावरून संपूर्ण गर्भाशय काढणे. दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजकोश काढणे.

मी हेडफोन काढून ठेवला. सुपरवायझर येऊन म्हणाली, "काय गं, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. दुपारी घरी आले. पत्र्याच्या पेटीत जातीच्या दाखल्याखाली, रेशनकार्डाखाली ते कार्ड होतं. सहा अक्षरं तीच होती. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती मी पूर्वी कधी वाचलीच नव्हती. दोन्ही बीजकोश नॉर्मल.

चांगले होते. काढले.

संध्याकाळी आई कामावरून आली. हातपाय धुऊन तांदूळ निवडायला बसली. मोडलेल्या मनगटाने भाकरी थापता यायची नाही, म्हणून घरात भात वाढला होता. मी तिच्यासमोर बसले.

"आई, त्या ऑपरेशनात नुसती गाठ नाही काढली. पिशवी काढली. आणि दोन्हीकडचे बीजकोश काढले."

"बीजकोश म्हंजी?"

मी माझ्या पोटावर हात ठेवून दाखवलं. काय असतं, कुठे असतं, त्यातून काय काय तयार होतं, ते गेलं की काय होतं. जेवढं मला येत होतं तेवढं. ती ऐकत होती. ताटातला एकेक खडा बाजूला काढत होती.

"ते बी खराब झालं हुतं?"

"नाही. कार्डावर लिहिलंय. चांगले होते."

"मग ह्या वाफा त्येच्यामुळं?"

"हो."

"आन् हाडं?"

"हो."

तिने तांदळातून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला वाटायचं माझंच काय तरी चुकतंय. खान्यात, वागन्यात." आणि ताट बाजूला सारून म्हणाली, "चहा ठेव. पाच वर्सं झाली."

मी चहा केला. तिने कप दोन्ही हातांनी धरून प्यायला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं, आणि मला त्याची लाज वाटली, कारण त्या कागदावर माझी सही होती.

रविवारी मी बाईंकडे गेले. एकटी. त्यांनी दार उघडलं, पेपर बाजूला ठेवला, "ये, बस" म्हणाल्या. मला खुर्ची दिली. नोकरी लागल्यापासून मला खुर्ची मिळायची. आई त्या घरात बारा वर्षांहून जास्त होती, ती अजून स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची.

मी विचारलं, "बाई, आईच्या ऑपरेशनाआधी डॉक्टर तुमच्याशी काही बोलले होते का?"

"बोलला ना. फोन केला होता त्याने." त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "म्हणाला, मावशी, पोट उघडतोच आहे तर सगळंच काढून टाकतो, पुन्हा कटकट नको. मी म्हटलं, काढ बाबा. नवरा नाही, एक मुलगी झालेली. पिशवी आता काय कामाची तिला?"

 म्हणजे विचारलं होतं. परवानगी मागितली होती, रीतसर. फक्त जिचं पोट होतं तिला सोडून.

"आईला का नाही विचारलं?"

"तिला काय समजणार होतं गं?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. मायेने म्हणाल्या. ते मला अजून सहन होत नाही. मला आठवलं, बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा त्या वहीत प्रश्न लिहून डॉक्टरकडे गेल्या होत्या. चौदा प्रश्न. आईनेच मला कौतुकाने सांगितलं होतं, बाई किती हुशार बघ.

मी म्हटलं, "बाई, तिला पाच वर्षं कळलं नाही तिला काय होतंय. तिचे चांगले होते ते अवयव काढले. तुम्ही हो म्हणालात म्हणून."

त्यांचा चेहरा बदलला. "मी तुमच्या भल्याचंच बघितलं. फुकटात करून दिलं त्याने. आणि तुला शिकवलं कुणी, ते विसरलीस वाटतं."

"नाही विसरले. म्हणून तर कार्ड वाचता आलं."

मी उठले. दुसऱ्या दिवसापासून आई त्या घरी गेली नाही. जाऊ नको असं मी तिला सांगितलं नव्हतं. मी फक्त बाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं होतं. तिने विचारलं, "पिशवी काय कामाची, असं म्हनल्या?" मी हो म्हटलं. पहाटे नेहमीच्या वेळी तिला जाग आली, आणि ती अंथरुणातच पडून राहिली.

डॉक्टरकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा भेट मिळाली नाही. दुसऱ्यांदा त्याने चष्म्यावरून बघितलं. मी कार्ड पुढे केलं आणि विचारलं, बीजकोश चांगले असताना का काढले, आणि आईला का सांगितलं नाही.

"पाच वर्षांनी आठवण झाली आपल्याला?"

"पाच वर्षांनी कळलं."

"बरं. मग आता काय, आईंना अजून मुलं हवी आहेत का?"

त्याच्या शेजारी उभी असलेली नर्स हसली. मी बाहेर आले. जिन्यावर मला उत्तरं सुचत होती, एकाहून एक. आत एकही सुचलं नव्हतं. अपमान असाच असतो. तो होत असताना आपण लहान होतो, बारावीतले होतो, पिशवी खांद्याला लावून उभे असतो.

मी जिन्यावरून तशीच तळमजल्यावर रेकॉर्ड रूमला गेले. अर्ज लिहिला. पुढच्या महिन्यात चार वेळा गेले. शेवटी तिथला क्लार्क, निवृत्तीला आलेला माणूस, वैतागून म्हणाला, "झेरॉक्स मिळणार नाही. इथे उभं राहून वाचा. पाच मिनिटं." आणि फाईल टेबलावर टाकली.

आईचा अंगठा होता. तीन जागी. ऑपरेशनचं नाव लिहायची जागा वेगळ्या पेनाने भरली होती. म्हणजे अंगठा घेतला तेव्हा ती जागा मोकळी होती. वर इंग्रजीत छापलेला मजकूर होता. मी तो सावकाश वाचला. वाचणं माझं कामच होतं. माझ्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय मला माझ्या स्वतःच्या भाषेत समजावून सांगण्यात आले आहेत आणि ते मला पूर्णपणे समजले आहेत.

माझ्या स्वतःच्या भाषेत. हे इंग्रजीत छापलं होतं.

त्याच्याखाली आणखी एक ओळ. वरील सर्व माझ्यासमोर समजावून सांगण्यात आले. साक्षीदार. आणि तिथे माझी सही. वळणदार. मी ती खूप वेळ बघितली. अंगठा जबरदस्तीने घेतला होता. माझी सही कुणी जबरदस्तीने घेतली नव्हती. मी खोटी साक्ष दिली होती, माझ्या आईविरुद्ध, सतराव्या वर्षी, एका नर्सने पेन पुढे केलं म्हणून. ती नर्स काय, तो डॉक्टर काय, त्यांच्याबद्दल मी बोलू शकते. पण त्या दिवशी मला जे कळलं ते माझ्याबद्दल होतं. गप्प बसणं ही सुद्धा सही असते.

मी तक्रार केली. एका वकिलाने सांगितलं, मुदत गेली. दुसऱ्याने सांगितलं, अंगठा आहे, साक्षीदार आहे, काय सिद्ध करणार? डॉक्टर अजून ऑपरेशनं करतो. त्यात काही बदललं नाही.

पुढच्या वर्षी आईच्या जुन्या टाक्यांच्या जागी पोट फुगायला लागलं. हर्निया. खोकली की बाहेर यायचं. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं. आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो, मोठ्या. आईला भरती केलं. आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलं. सकाळी हिरवा गाऊन घातला. स्ट्रेचर आलं. मग एक शिकाऊ डॉक्टर कागद घेऊन आली आणि म्हणाली, "इथे सही करा, लवकर, सर थिएटरमध्ये आहेत."

इंग्रजी कागद. ऑपरेशनचं नाव लिहायची जागा मोकळी.

मी म्हटलं, "ही जागा भरा. आणि हे सगळं आईला मराठीत सांगा. मग सही."

"अहो, नंतर भरतो आम्ही. ही फॉर्मॅलिटी असते."

"मग नाही."

आईने माझा दंड धरला. हलक्या आवाजात म्हणाली, "कर ना बाई सही. आडवलं तर चिडत्याल, पोटात काय तरी करत्याल." तिला भीती वाटत होती.  मलाही भीती वाटत होती. आतडं अडकलं तर त्याला जबाबदार मी असणार होते, दुसरं कुणी नाही.

मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "सांगितल्याशिवाय सही नाही."

शिकाऊ डॉक्टर गेली. थोड्या वेळाने सर्जन स्वतः आले. चाळिशीचे, डोक्यावर टोपी, हातमोजे काढत. सगळा वॉर्ड बघत होता.

"आपण वकील आहात का?"

"नाही."

"मग डॉक्टर?"

"नाही. मी टाईप करते."

"काय टाईप करता?"

"डॉक्टरांचं बोलणं. अमेरिकेतल्या. ते पेशंटला काय काय सांगितलं ते बोलतात, मी लिहिते."

कुणीतरी खोकलं. सर म्हणाले, "मग त्यांना अमेरिकेला घेऊन जा." आणि शिकाऊ डॉक्टरकडे वळून, "पुढचा पेशंट घ्या. यांचं नाव लिस्टमधून काढा."

काढलं. स्ट्रेचर दुसऱ्या कॉटकडे गेलं. आईला सोळा तासांनी जेवण मिळालं. ती माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि खोकला आला की दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. प्रत्येक खोकल्याला माझा जीव जायचा. ज्यांना वाटतं नकार देणं म्हणजे छाती पुढे काढून उभं राहणं, त्यांनी असं दोन दिवस स्टुलावर बसून बघावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला सर आले. कॉटपाशी थांबले. कदाचित वरून कुणी बोललं असेल, कारण मी सुपरिटेंडेंटकडे लेखी अर्ज दिला होता. कदाचित त्यांनाच वाटलं असेल. मी विचारलं नाही. ते स्टूल ओढून बसले आणि आईशी बोलले. पोटाची भिंत जिथे कापली होती तिथे कमजोर झाली आहे. तिथे जाळी बसवायची. आतडं आत ढकलायचं. जंतुसंसर्ग होऊ शकतो, जाळी काढावी लागू शकते, पुन्हा होऊ शकतं. कागदाच्या मागे त्यांनी चित्र काढलं. भिंतीवर घड्याळ होतं. चार मिनिटं लागली.

चार मिनिटं. तेवढ्यासाठी माझ्या आईची पाच वर्षं गेली होती.

"काही विचारायचंय?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई उठून बसली.

"मला मांडी घालून बसता येईल का? विहारात वंदनेला बसायचं असतं."

सर थोडे गोंधळले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मलाही सुचला नव्हता. "येईल," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी."

"आन् आनखी काय काढनार का? न सांगता?"

"नाही."

"मग तसं लिहा."

ते तिच्याकडे बघत राहिले. आईने नजर खाली घेतली नाही. त्यांनी पेन काढलं आणि इंग्रजी कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं, हर्नियाशिवाय दुसरे काहीही काढणार नाही, आणीबाणी उद्भवल्यास नातेवाईकांना विचारू. आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग 'नातेवाईकांना' शब्दावर बोट ठेवलं.

"ही न्हाई. ही हाय पन आधी मी. मी शुद्धीत असंल तर मला."

त्यांनी तेही लिहिलं, आणि आईने खाली स्वतः सही केली. ऑपरेशन झालं.

लोक मला म्हणतात, बघ, शेवटी चांगलं झालं ना. मी त्यांना सांगते, काही चांगलं झालं नाही. आईची हाडं परत आलेली नाहीत. वाफा कमी झाल्या, त्या वयाने. ज्याने तिला पोखरलं त्याच्या दारावर पाटी आहे आणि पाटीखाली रांग आहे. बाई वारल्या, त्यांच्या शोकसभेत त्यांनी गरिबांसाठी काय काय केलं ते सांगितलं गेलं, आणि त्यात आईचं ऑपरेशन होतं.

मी तो संमतीचा कागद मराठीत केला. आधी जड मराठीत झाला, मग आईला वाचून दाखवला, तिला अडेल तो शब्द खोडला. सहा वेळा लिहिला. शेवटी एक पान उरलं. काय कापणार, का कापणार, नाही कापलं तर काय होईल, दुसरं काय करता येईल, काय ठेवणार, काय काढणार. सुपरिटेंडेंटला नेऊन दिला. ते म्हणाले, "छान आहे. कमिटीपुढे ठेवू." वर्ष झालं. कमिटी बसलेली नाही.

म्हणून मी दर रविवारी त्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात जाते. भोर, वेल्हे, मुळशीकडून आलेल्या बायका असतात. सोमवारच्या लिस्टमधल्या. मी त्यांच्याजवळ बसते, कागद वाचून दाखवते, आणि मोकळी जागा दिसली की सांगते, ही भरल्याशिवाय काही करायचं नाही. मागच्या महिन्यात वॉर्डातल्या मुख्य सिस्टरने मला बजावलं, तुमच्यामुळे पेशंट प्रश्न विचारायला लागलेत, कामं खोळंबतात. सिक्युरिटीला माझं नाव देऊन ठेवलंय.

देऊ दे. आत सोडलं नाही तर मी गेटवर बसेन. गेटवरून हटवलं तर बसस्टॉपवर. तिथूनच त्या बायका येतात. कुणाचं काम खोळंबत असेल तर ते खोळंबायलाच हवं. मी कुणाला माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही, आणि करायचं माझ्या मनात नाही.